तान्ह्या बाळाचे डोळे: काय बघायचं, केव्हा आणि कसं

समोर बसलेल्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, आशाताई आहेत. त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर काय चालतं ते थोडक्यात सांगतो, आणि बाळ तिथवर वेळेत कसं पोचवायचं ते सविस्तर.

मोठ्या माणसाचा मोतीबिंदू दोन वर्षं तसाच राहिला आणि मग काढला, तरी बहुधा पहिल्यासारखं दिसू लागतं. तान्ह्या बाळाचं तसं नाही. जन्मतः डोळ्याची लांबी १६-१७ मिलिमीटर असते, मोठेपणी २३-२४ होते. पण खरी घडामोड मेंदूत चाललेली असते. दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट चित्र येत राहिलं तरच मेंदू बघायला शिकतो. एका डोळ्याकडून चित्र येईना, की मेंदू त्या डोळ्याला विचारेनासा होतो. मग भिंग कितीही स्वच्छ केलं तरी नजर पुरती येत नाही. ‘थोडा मोठा होऊ दे, मग दाखवू’ हे वाक्य इथे फार महाग पडतं.

पहिली तपासणी प्रसूतीच्या वॉर्डातच व्हावी. दोन मिनिटांचं काम आहे: बाहुलीतली लाल चकाकी बघायची. खोलीतले दिवे बंद करा. डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं हातातलं उपकरण) शून्यावर ठेवा आणि साधारण ४५ सेंटिमीटरवरून प्रकाशाचं मोठं वर्तुळ दोन्ही डोळ्यांवर एकदम टाका. साध्या टॉर्चने हे जमत नाही, कारण प्रकाश आणि बघणाऱ्याची नजर एकाच रेषेत असावी लागते. पुस्तकांत लाल म्हटलेलं असलं तरी आपल्याकडच्या बाळांत ही चकाकी नारिंगी, कधी तपकिरी-पिवळसर दिसते. रंगापेक्षा दोन्हीकडे सारखी आहे का हे महत्त्वाचं. मध्ये काळा डाग, पांढरी झाक, किंवा एकीकडे जास्त उजेड, यातलं काहीही दिसलं तर बाळ पुढे पाठवा. बहुतेकांचं बिनसतं ते पापण्या उघडताना. बोटांनी ओढलं की बाळ डोळे आणखी गच्च मिटतं. त्याला उभं धरा, हलकेच पुढे-मागे झुलवा. डोळे आपोआप उघडतात.

आई-वडील कधीकधी मोबाइलवरचा फोटो दाखवतात: फ्लॅश मारलेला, एक बाहुली लाल, दुसरी पांढरी. बाळ नाकाकडे जरा तिरकं बघत असेल तर निरोगी डोळ्यातही तसं दिसू शकतं, कारण प्रकाश नेमका दृष्टीच्या नसेच्या पांढुरक्या तोंडावर पडतो. पण ते तुम्ही फोटोवरून ठरवायचं नाही. पांढऱ्या बाहुलीमागे मोतीबिंदू असू शकतो, तसाच रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो. याचं निदान बाहुली मोठी करून, गरजेप्रमाणे भूल देऊन, पडदा बघून होतं. इतर गाठींसारखा सुई घालून तुकडा काढायचा नसतो, कारण त्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरतात. पाठच्या आणि पुढच्या भावंडांचे डोळेही तपासावे लागतात. हा आजार घराण्यातून येऊ शकतो.

जन्मजात मोतीबिंदूचा हिशेब आठवड्यांचा आहे. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर चार ते सहा आठवड्यांत, दोन्ही डोळ्यांत असेल तर सहा ते आठ आठवड्यांत ऑपरेशन व्हावं. चार आठवड्यांच्या आत केलं तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून घाईलाही मर्यादा आहे. मोठ्या माणसांत भिंगाचा मागचा पापुद्रा शाबूत ठेवतात. बाळात तो हमखास धुरकटतो, म्हणून त्याला मधोमध गोल छेद देऊन डोळ्यातल्या जेलचा पुढचा थोडा भागही काढतात. कृत्रिम भिंग लगेच बसवायचं की नाही यावर अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांचा अभ्यास झाला. पाचव्या वर्षी भिंगवाल्यांची आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांची नजर सारखीच निघाली, मात्र भिंगवाल्यांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जास्त होतं. भिंग नसलेल्या बाळाला प्लस २०च्या आसपासचा जाड चष्मा लागतो. तो बघून आजी घाबरते आणि काढून ठेवते. घरच्यांना हे आधीच सांगा, नाहीतर ऑपरेशन वाया जातं.

आता आरओपी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्याचा आजार. यावर जरा थांबतो, कारण इथे आपल्या हातात सर्वांत जास्त आहे. पडद्यातल्या रक्तवाहिन्या दृष्टीच्या नसेकडून कडांकडे वाढतात आणि पूर्ण दिवसांपर्यंत कडा गाठतात. बाळ आधी जन्मलं की ही वाढ खुंटते, मग भलत्याच वाहिन्या फुटतात आणि शेवटी पडदा ओढून सुटतो. ऑक्सिजन मोकाट सोडला तर हे अधिक होतं. म्हणून पेटीतल्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, १०० दिसलं की खूश व्हायचं नाही; ऑक्सिजन चालू असताना ते ९१ ते ९५ मध्ये राहावं.

कोणाला तपासायचं? वजन २००० ग्रॅम किंवा कमी, अथवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ जंतुसंसर्गातून किंवा बरेच दिवस ऑक्सिजनवर राहून गेलं असेल तर तेही. जन्मापासून ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्या ३० आजारांच्या यादीत हा आजार आणि जन्मजात मोतीबिंदू दोन्ही आहेत, त्यामुळे पाठवायची वाट तयार आहे.

घोळ होतो तो बहुतेक डिस्चार्जच्या दिवशी. बाळ विसाव्या दिवशी घरी जातं, बाळंतीण माहेरी जाते आणि केसपेपरवर मोबाइल नंबर असतो नवऱ्याचा, तो कामावर. म्हणून डिस्चार्ज कार्डावर तपासणीची तारीख आणि ठिकाण मोठ्या अक्षरांत लिहा, नंबर माहेरचा घ्या आणि तिथल्या आशाताईंना कळवा.

तपासणीच्या आधी तासभर दूध नको, उलटी होऊन ठसका लागतो. बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइड-फेनिलेफ्रिनचे बाजारातले थेंब ०.८ आणि ५ टक्क्यांचे येतात. ते वंगणाच्या थेंबांत मिसळून निम्मे करतात. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने एकेक थेंब, दोन-तीन वेळा, आणि गालावर ओघळलेलं लगेच टिपायचं, कारण कातडीतून शोषलं जाऊन रक्तदाब वाढतो. १० टक्क्यांचं फेनिलेफ्रिन बाळाच्या जवळही आणू नका. तरीही बाहुली मोठी होईना, तर थेंब ओतत बसू नका. फुगलेल्या वाहिन्यांनी बाहुली आखडली असेल, आणि ती आजार जोरात असल्याची खूण आहे. तपासताना बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, बोटाला पल्स ऑक्सिमीटर. उपचार ठरला की लेसर किंवा इंजेक्शन ४८ ते ७२ तासांत, ‘पुढच्या ओपीडीला’ नाही. इंजेक्शननंतर आजार काही महिन्यांनीही उलटतो, तेव्हा ‘टोचलं, झालं’ म्हणून तपासण्या सोडता येत नाहीत.

पाणी येणाऱ्या डोळ्यांबद्दल दोन गोष्टी. बाळाचा एक डोळा सतत ओला, सकाळी चिपडं, पण डोळा पांढराशुभ्र: अश्रूंची नळी खालच्या टोकाशी बंद आहे. बहुतेक वर्षाच्या आत मोकळ्या होतात, तोवर मालिश. आई सहसा नाकाची दांडी चोळते, ते उपयोगाचं नाही. नख कापलेलं बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात पिशवीवर टेकवायचं, दाब द्यायचा आणि तो न सोडता खाली सरकायचं. असे दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. वर्षानंतरही पाणी थांबलं नाही तर सळई घालून नळी मोकळी करतात. पण पाण्याबरोबर बाळ उजेडात डोळे मिटून घेत असेल आणि बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर मालिश नव्हे, तातडीने मोठं रुग्णालय. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. नवजात बुबुळाचा व्यास साधारण १० मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात १२च्या वर गेला तर संशय घ्या. ‘काय टपोरे डोळे आहेत’ म्हणून अशा बाळाची दृष्ट काढली जाते. काजळाबद्दल एवढंच: घालू नका.

तिरळेपणा पहिले दोन-तीन महिने अधूनमधून दिसला तर चालतो. चार महिन्यांनंतर दिसला किंवा कधीही सतत राहिला तर दाखवा. तिरळेपणा भाग्याचा वगैरे नसतो. नाक बसकं असलं की डोळे नुसतेच तिरळे भासतात. तेव्हा टॉर्च समोर धरा: उजेडाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत त्याच जागी असेल तर भास आहे. एकेक डोळा हाताने झाका. एक झाकल्यावर बाळ गप्प आणि दुसरा झाकल्यावर रडतं, तर गप्प राहिलं तेव्हा झाकलेला डोळा कमजोर.

आळशी डोळ्याला, म्हणजे मेंदूने विचारणं सोडलेल्या कमजोर डोळ्याला, आधी चष्मा, तोही थेंबांनी बाहुली मोठी करून काढलेल्या नंबराचा. त्याने पहिल्या तीन-चार महिन्यांतच पुष्कळ सुधारतं. उरलेल्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी: मध्यम कमजोरीला दिवसाला दोन तास, जास्त असेल तर सहा. पट्टी कातडीवर चिकटवायची. चष्म्याच्या काचेवर लावली की मूल वरून डोकावतं. पट्टी असताना चित्रं रंगवणं, मणी ओवणं असं जवळचं काम द्या. झाकलेल्या चांगल्या डोळ्याची नजरही प्रत्येक भेटीत मोजा, कारण जास्त झाकला तर तोच मागे पडतो. आणि नजर आली म्हणून सहा तासांवरून एकदम शून्यावर येऊ नका. आधी दोन तासांवर आणा, काही आठवडे तिथे ठेवा, मग थांबवा आणि पुढचं वर्षभर तपासत राहा.