ठाणे अंमलदाराचं टेबल

रात्रीचे पावणेबारा. मध्य मुंबईतलं एक पोलीस ठाणं. आत पाऊल टाकलं की पहिलं टेबल लागतं ते ठाणे अंमलदाराचं, म्हणजे येणाऱ्याची तक्रार नोंदवून घेणाऱ्या पोलिसाचं. वर स्टेशन डायरी, शिक्क्याचं पॅड, निम्मा राहून गार झालेला चहा. बाजूला वायरलेस मधूनच खरखरतो. समोर दोन खुर्च्या. त्यातली एक डुगडुगते.

टेबलापाशी एक काका उभे आहेत. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स. चाळीच्या गॅलरीत ठेवलेल्या कुंड्यांवरून शेजाऱ्याशी वाजलंय, शिवीगाळ झालीय. काका एका दमात सगळं सांगायला लागतात. ड्युटीवरच्या महिला हवालदार मान वर करतात. "बसा काका. आधी पाणी घ्या." काका बसतात, आणि त्यांचा चढलेला आवाज आपोआप खाली येतो.

मुंबईत पोलीस आणि लोक यांचं नातं कसं आहे असं मला कुणी विचारलं, तर मी या 'बसा'कडे बोट दाखवीन. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपल्याकडे त्यात पोलीस ठाणंही धरतात. तरीही माणूस ही पायरी चढतो तेव्हा त्याचा दुसरा कुठलाच इलाज उरलेला नसतो. अशा माणसाला उभं ठेवायचं की बसवायचं, हे या टेबलावर ठरतं.

काकांची तक्रार अदखलपात्र आहे. म्हणजे एनसी, नॉन-कॉग्निझेबल. तिची नोंद होते, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कायद्यानंच त्यांचे हात बांधलेत. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीच्या वस्तूची चोरी मात्र दखलपात्र. तिथे एफआयआर घ्यावाच लागतो आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं तर हद्दीचा प्रश्नही मिटवला आहे. गुन्हा कुठेही घडो, समोर दिसेल त्या ठाण्यात तो नोंदवता येतो. पण हे सगळं समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं दिली नाहीत, तर "एनसी देऊन बोळवण केली" असं म्हणत माणूस बाहेर पडतो, आणि पुन्हा येत नाही.

मला याचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी बाजारातल्या गर्दीत माझ्या खिशातून मोबाईल मारला. मी ठाण्यात गेलो, तर उत्तर आलं, "हरवला असं लिहा." चोरी लिहिली की गुन्हा दाखल होतो, त्याचा तपास करावा लागतो, आणि चोर मिळाला नाही तर ठाण्याच्या खात्यावर न उकललेला एक गुन्हा वाढतो. मी 'हरवला' लिहिलं, सही केली. मोबाईलचं दुःख महिन्याभरात सरलं. ती सही अजून खुपते.

पण टेबलाच्या पलीकडेही माणूसच बसलेला असतो. या हवालदार मॅडम बदलापूरहून लोकलनं येतात. रात्री आठला हजेरी, सकाळी आठला सुट्टी, तीही कागदावर. रात्रीत कुणाला अटक झाली, तर त्याची मेडिकल, मग रिमांड. चोवीस तासांच्या आत आरोपी कोर्टात उभा करायलाच लागतो. बंदोबस्ताचं तर विचारूच नका. अनंत चतुर्दशीला सकाळी घर सोडलेला शिपाई, लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवर पाण्यात जाईपर्यंत पायांवर उभा असतो. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना एका शिपायाची होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. मला तो निर्णय फार मोठा वाटतो. बारा-चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून 'बसा' सहज निघत नाही.

आणि तरी याच खात्यात राजेंद्र भोसले होते. अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्यात सहायक उपनिरीक्षक. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्याकडे १६६ बेपत्ता मुलींची प्रकरणं आली. त्यातल्या १६५ सापडल्या. राहिलेली एक २०१३ च्या जानेवारीत शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली, सात वर्षांची. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले. वर्दी उतरली, तरी तिचा शोध त्यांनी सोडला नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती घरी आली, सोळा वर्षांची होऊन. नऊ वर्षं एका आईला हे ठाऊक होतं की आपल्याखेरीज आणखी एक माणूस आपल्या लेकीला विसरलेला नाही.

रात्रीचा सव्वा वाजलाय. काकांच्या हातात एनसीची प्रत आहे. ते ती दोनदा वाचतात, घडी घालून पिशवीत ठेवतात.

"मॅडम, उद्या परत त्यानं सुरू केलं तर?"

"तर परत या. आणि बीट मार्शलना सांगते, सकाळी तुमच्या चाळीत एक फेरी मारतील."

काका हात जोडून निघतात. वायरलेस खरखरतो. दारात एक बाई येऊन थांबलीय, कडेवर झोपलेलं पोर. हवालदार मॅडम उठतात, डुगडुगणारी खुर्ची भिंतीकडे सारतात आणि दुसरी पुढे ओढतात.