वेशीबाहेरून दिसलेलं नगर

(मंडळाच्या आषाढी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

मंडळी, नमस्कार.

'धर्मग्रंथांतील पवित्र नगरी' असा भारदस्त विषय मला दिलाय आणि वेळ दिलीय पंधरा मिनिटं. शिवाय मागच्या टेबलावर साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवलेली मला इथूनही दिसते आहे. तेव्हा मी थेट रास्ता पेठेतच जाते.

माझं लहानपण तिथल्या एका वाड्यात गेलं. शेजारच्या खोल्यांत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, कुटुंब राहायचं. मावशी नऊवारीतून पाचवारीत आलेल्या, आडनाव आपल्यासारखंच '-कर', गाव कोकणातलं. त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ज्येष्ठात पालख्या पुण्यात आल्या की आम्ही सगळे नाना पेठेच्या कोपऱ्यावर उभे. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला, माउलींची भवानी पेठेत. मावशी डझनावारी केळी घेऊन यायच्या आणि एकेका वारकऱ्याच्या हातात ठेवायच्या. पाया मात्र पडायच्या नाहीत. एकदा माझ्या आजीनं विचारलं, "तुम्हाला काय हो यात?" मावशी म्हणाल्या, "आमच्यातही असंच चालत जायचे. यरुशलेमला." म्हणजे जेरुसलेमला.

तेव्हा मला ते कुठेतरी लोणंदच्या पुढे असावं असं वाटलं होतं.

पुढे केव्हातरी मराठी बायबलमधली स्तोत्रं वाचली आणि मावशींचं बोलणं उलगडलं. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं म्हणजे चढणीची गाणी. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण, या तीन सणांना माणसं गावोगावाहून यरुशलेमला निघत. हे शहर डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर. यरीहोकडून येणारा तर समुद्रसपाटीच्याही खालून निघायचा, म्हणजे हजार मीटरची चढण. ज्यांनी दिवेघाट पायी चढलाय, माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपताना पाहिलंय, त्यांना त्या गाण्यांचा ठेका वेगळा समजावून सांगायला नको. ओळी आखूड, एखादा शब्द पुढच्या ओळीत पुन्हा उचललेला. चालणाऱ्याचा श्वास जेवढा पुरतो तेवढंच गाणं.

आणि पोचल्यावर? एकशे बाविसाव्या स्तोत्रातला यात्रेकरू काय म्हणतो, तर यरुशलेमा, आमचे पाय तुझ्या वेशीत उभे आहेत. पाय! एवढं चालून आलेल्या माणसाला आधी पायच आठवणार. अठ्ठेचाळिसावं स्तोत्र तर सरळ नगरप्रदक्षिणाच घालायला लावतं. सियोनेभोवती, म्हणजे यरुशलेमभोवतीच, फिरा, बुरूज मोजा, तटबंदी नीट निरखा, म्हणजे पुढच्या पिढीला सांगता येईल. मला हे फार आवडतं. भक्तीच्या गाण्यात बुरूज मोजायला सांगणारा कवी मला जवळचा वाटतो.

कौतुकाला मात्र कुठेच मर्यादा नाही. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात म्हटलंय की सौंदर्याची दहा मापं जगात उतरली, त्यांतली नऊ एकट्या यरुशलेमनं घेतली आणि उरलेल्या एकात बाकीचं सगळं जग. असा हिशेब फक्त सदाशिव पेठेत मांडतात अशी माझी समजूत होती. यहुदी परंपरेत असंही मानतात की जगाची निर्मिती जिथून सुरू झाली तो पायाचा दगड यरुशलेममध्येच आहे. आपले नामदेव काय वेगळं सांगतात? 'जेव्हा नव्हते चराचर, तेव्हा होते पंढरपूर.' गंमत अशी की अयोध्या, मथुरा, काशी वगैरे ज्या सात मोक्षदायी पुऱ्या आपल्याकडे सांगितल्यात, त्यांत पंढरपूरचं नाव नाही. नामदेवांना त्याची फिकीर नाही. एकनाथांना तर ते माहेरच. इकडे यशया संदेष्टा यरुशलेमला आई म्हणतो, लेकराला पाजणारी आणि कडेवर घेणारी. दगडविटांचं शहर दोन्हीकडे बाईमाणूस होऊन वाट बघत बसतं.

आता या विषयाचं जे खरं मर्म मला वाटतं, त्याकडे वळते. बायबलमधल्या नव्या कराराच्या अगदी शेवटी, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, नवं यरुशलेम आकाशातून उतरतं. सोन्याचा रस्ता, रत्नांचे पाये, बारा वेशी आणि प्रत्येक वेस एकेका अखंड मोत्याची. खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा लक्ष्मी रोडवरच्या सराफांची आठवण झाली आणि मी पान उलटलं. घाई केली. त्या नगरीचं माप त्याच अध्यायात दिलंय: लांबी, रुंदी, उंची सारखीच. शहराची उंची लांबीएवढी? हे वर्णन आहे तरी कशाचं? तर शलमोन राजानं यरुशलेमला बांधलेल्या मंदिरातला परमपवित्र गाभारा असाच होता. वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच. महायाजकानं वर्षातून एकदा आत जावं, बाकी कुणी पडद्यापलीकडे पाऊल टाकू नये, असा तो गाभारा. म्हणजे प्रकटीकरणाचा लेखक म्हणतोय की सगळं शहरच गाभारा झालं. म्हणून पुढे तो सांगतो, त्या नगरीत मला मंदिर दिसलं नाही. अख्खं गावच गाभाऱ्यात राहायला आल्यावर वेगळं देऊळ कुठे बांधणार? आणि तिच्या वेशी कधीच बंद होत नाहीत, कारण तिथे रात्रच नाही.

हे वाचलं आणि मला चोखोबा आठवले. पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. जिवंतपणी ज्याला उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याच्या अस्थी दारापर्यंत आल्या आणि तिथेच राहिल्या. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. चौऱ्याऐंशिवं स्तोत्र गाणाऱ्यालाही असाच कुणाचा तरी हेवा वाटतो. चिमणीला तुझ्या वेदीपाशी घर मिळालं, पाकोळीला पिलं ठेवायला घरटं मिळालं, आणि मी मात्र अजून लांबच. नगरीचं सगळ्यात सुंदर वर्णन बाहेर उभ्या राहिलेल्यांनी केलंय, आत राहणाऱ्यांनी क्वचितच. आत राहणाऱ्याला बहुधा नळाला पाणी किती वाजता येतं तेवढंच दिसतं.

हे सोन्याचं नगर मराठीत आणणाऱ्यांत एक नाव पुणे जिल्ह्यातलं आहे. पंडिता रमाबाई. लहानपणी आईवडिलांबरोबर पुराण सांगत त्या तीर्थामागून तीर्थ पायी फिरल्या आणि आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले. पुढे केडगावला राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं केलं होतं. इतकी क्षेत्रं उपाशी पोटी पाहिलेल्या बाईनं 'तेथे पुढे शोक नाही' या अर्थाची ओळ लिहिताना हात थांबवला असेल का, असं मला उगीच वाटतं.

पुन्हा पुण्याकडे येते. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनाघर, तुम्हा पुणेकरांना माहीत आहेच. बांधलं १८६७ मध्ये, डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याच्या पैशांनी. तो स्वतः १८६४ मध्ये पुण्यातच वारला, कबर तिथल्याच आवारात आहे. माणूस मूळचा बगदादचा, म्हणजे जुन्या बाबेलच्या मुलखातला. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम जाळून लोकांना बाबेलला नेलं, तिथे नदीकाठच्या झाडांना वीणा टांगून ते रडले, ते एकशे सदतिसावं स्तोत्र. पकडून नेणारे म्हणतात, सियोनेचं एखादं गाणं म्हणा की! आणि हे म्हणतात, परक्या भूमीत ते गाणं कसं म्हणू? (त्याच स्तोत्राचा शेवट सूडानं इतका काळा झालाय की बरेच जण तिथपर्यंत वाचतच नाहीत. वाचावा. घर जाळलेला माणूस तोही असतो.) त्या नद्यांकाठचा एक वंशज मुळा-मुठेकाठी येऊन लाल विटांचं प्रार्थनाघर बांधतो, आणि तिथे प्रार्थनेला उभं राहताना तोंड पश्चिमेला. पुण्याहून यरुशलेम पश्चिमेला.

मावशींच्या घरी वल्हांडणाचं जेवण संपताना हिब्रूत म्हणायचे, 'पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये.' एरवी मालिद्याचे, म्हणजे त्यांच्या नैवेद्याचे, नारळ घातलेले गोड पोहे आम्हालाही मिळत, पण हे वाक्य म्हणताना दार लोटलेलं असे. एका वर्षी ते खरंच गेले. वाड्यात कुणालाच ते पटलं नाही. इतकी वर्षं म्हणताय म्हणून काय खरंच जायचं?

इस्रायलमध्ये गेलेल्या या मंडळींनी तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. मावशींचं मात्र आजीला पत्र यायचं, निळ्या आंतरदेशीयसारख्या कागदावर, अक्षर बारीक आणि समासातसुद्धा लिहिलेलं. पहिल्याच पत्रात यरुशलेमबद्दल दोन ओळी होत्या: जाऊन आलो, भिंतीला हात लावला, ऊन फार. मग खाली, आजीनं मला मोठ्यानं वाचायला लावलेला मजकूर: 'पालखी नाना पेठेत किती वाजता आली? पाऊस होता का? आणि यंदा केळी कोणी वाटली?'