राजा नसलेल्या शहराचं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

आवडतं गाणं, आवडती कला आणि मुंबईतली आवडती ठिकाणं, असा विषय मला आज दिलाय. विचार करायला बसलो तर तिन्ही गोष्टी एकाच पट्ट्यात सापडल्या. बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट, भेंडीबाजार, गिरगाव. माझा जन्म गिरगावातला आणि नोकरी फोर्टातली, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो. वांद्र्याच्या श्रोत्यांनी राग मानू नये.

गाण्यापासून सुरुवात करू. आपल्या घराण्यांची नावं घ्या. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, पतियाळा. एखादं संस्थान, नाहीतर एखादं गाव. आणि मुंबईच्या घराण्याचं नाव काय? भेंडीबाजार! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तर हिंदुस्थानातून इथे येऊन राहिले आणि वस्तीचं नाव गायकीला चिकटलं. मुंबईला राजा नव्हता, त्यामुळे दरबारही नव्हता. गवयानं राहायचं कुठे? बाजारात. त्यानं गाण्याचं काही बिघडलं असं मला तरी वाटत नाही.

या घराण्याची एक खासियत म्हणजे खंडमेरू. सा, रे, ग, म हे चार स्वर घ्या. प्रत्येक स्वर एकदाच वापरायचा, फक्त क्रम बदलायचा. किती प्रकार होतील? 24. पाच स्वर घेतले तर 120, आणि सातही घेतले तर 5,040. हा सगळा हिशेब ही मंडळी गळ्यावर चढवायची. बाजारात राहून हिशेब पक्का झाला, असं मी गमतीनं म्हणतो. शास्त्र अर्थातच फार जुनं आहे.

छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांना दाक्षिणात्य संगीताचीही ओढ होती. हंसध्वनी हा राग मूळचा तिकडचा. तो आपल्या मैफलींत रुळला, त्यात त्यांच्या बंदिशीचा मोठा वाटा. या रागात मध्यम नाही, धैवत नाही. उरले पाचच स्वर, म्हणजे पसाऱ्याला जागा कमी. पण सरगम सुरू झाली की तेच ग, प, नी कधी वर चढतात, कधी मधूनच वळून रिषभावर येतात, आणि आत्ता समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणार म्हणून आपण हात उचलावा तर गवई अजून एक वळसा घालून येतो. आपला हात तसाच अधांतरी! मला हे हुलकावणं फार आवडतं. लता मंगेशकर काही काळ या अमान अलींकडे शिकल्या. नझीर खाँच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर, आणि अंजनीबाईंकडे पुढे कुमार गंधर्वांनी तालीम घेतली. बघा, बाजारातून निघालेली वाट कुठवर गेली.

उलट प्रवासही झाला. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई. 1922 साली शाहू महाराज गेले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईत आले. इथे त्यांना ऐकायला होते शेठजी, वकील, डॉक्टर, आणि शिकायला केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचं फारसं कौतुक नव्हतं. आणि 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हिंदुस्थानी संगीताची म्हणून एकच चीज आहे, केसरबाईंची भैरवी. रेडिओवरून हे सांगताना मला जरा जास्तच मजा येते.

आता कलेकडे वळू. 1857 साली सुरू झालेलं जे. जे. कलामहाविद्यालय आणि क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, ही दोन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. मंडई 1869 ची. तिच्या दारावर दगडात कोरलेली शिल्पं आहेत. शेतकरी, कष्टकरी. ती केली लॉकवुड किपलिंग यांनी, जे जे. जे. मध्येच शिकवायचे. आत भाजी घेणारा पिशवी सांभाळत असतो, हमालाच्या डोक्यावर पाटी असते, वर बघायला सवड कोणाला! राजवाड्यात असती तर या शिल्पांपुढे दोरी बांधली असती.

पुढे बोरीबंदर, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत, आणि तिच्यावरचं बरंचसं कोरीवकाम जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या हातचं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान. मला मात्र आतलं तिकीटघर जास्त प्रिय. निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. पास काढायला रांगेत उभं असताना ते छत बघून व्हायचं. मोबाईलवर तिकीट निघू लागल्यापासून रांग गेली, आणि बघणंही गेलं. सोय झाली, तक्रार नाही. पण वर बघायला कारण उरलं नाही हे खरं.

फोर्टातला घड्याळाचा राजाबाई टॉवरही बाजाराचाच. पैसा कापसाच्या व्यापारातले प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. अमेरिकेतल्या यादवीनं कापूस वधारला, तशी मुंबई सोन्यानं न्हाली. 1865 मध्ये भाव कोसळले आणि खुद्द प्रेमचंदही गाळात गेले. टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. बाजारानं दिलेली कला अशीच असते, तेजी-मंदीसकट.

काळा घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनाबद्दल पुष्कळ बोललं जातं, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. 1952 पासून ते उभं आहे, तिकीट नाही, आणि फोर्टातल्या माणसाला डबा खाऊन झाल्यावर उरलेल्या वेळात एक दालन सहज बघता येतं. सगळी चित्रं समजलीच पाहिजेत असं काही नाही. मला निम्मी समजत नाहीत.

भेंडीबाजारातल्या जुन्या चाळी आता पाडल्या जातायत, टॉवर उभे राहतायत. तिथल्या माणसांना मोठी घरं, स्वतंत्र संडास मिळणार असतील तर माझ्यासारख्या लांबून हळहळणाऱ्यानं गप्प बसावं. पण एकदा जाऊन या. रविवारी सकाळी बोरीबंदरला उतरा, मंडईच्या दारावरची शिल्पं बघा, मोहम्मद अली रोडनं सरळ चालत राहा. कानात अमान अलींच्या परंपरेतला हंसध्वनी असला तर उत्तमच, पण रस्ता ओलांडताना तो काढून ठेवा. तिथले दुचाकीवाले समेची वाट बघत नाहीत.

नमस्कार.