साबण जातो कुठे?

मैत्रिणींनो, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. माझे वडील त्यांतलेच. मी तेव्हा चौथीत होते. परळच्या चाळीत एक खोली, माणसं सहा. पगार थांबला, पण कपडे मळायचे थोडेच थांबतात? शाळेत पांढरा शर्ट लागायचा आणि तो मळका घालून पोरांना पाठवायचं नाही, हा आईचा हट्ट होता. त्या हट्टाची किंमत मला आज कळते.

करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू केलेली निर्मा तोवर चाळीत पोचली होती. बड्या पावडरींच्या मानाने ती खूपच स्वस्त. आमच्याकडे तीसुद्धा उधारीवर यायची. म्हणून आईचा भरवसा ५०१ नावाच्या कपडे धुण्याच्या साबणाच्या लांब बारावर. बार आणला की दोऱ्याने त्याच्या वड्या पाडायच्या आणि खिडकीत आठ-दहा दिवस वाळत ठेवायच्या. ओलसर वडी हातात विरघळून जाते. वाळून खडखडीत झालेली जास्त दिवस पुरते. शेवटच्या चिपट्या जुन्या पायमोज्यात भरायच्या, तोंडाला गाठ मारायची आणि तो मोजाच कॉलरवर घासायचा.

धुण्याचा क्रम ठरलेला. आदल्या रात्री भिजवण. सकाळी त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग फिके, मग गडद कपडे, शेवटी पायपुसणी. उरलेलं पाणी मोरीला. रात्रभराच्या भिजवणीत बराच मळ सुटतो. जे काम पाणी फुकट करतं, त्यासाठी आपण पावडर ओततो. फेस पाहून आपल्याला बरं वाटतं, पण मळ निघण्याचं माप फेस नव्हे. उलट फेस जास्त झाला की खळबळायला दोन बादल्या पाणी जास्त लागतं.

आता तुमच्या गावचं बोलते. इथे बोअरचं पाणी आहे. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात साबणही वाया जातो. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरून ठेवतात, त्याचा चिकट साका होतो आणि तोच कपड्यावर बसतो. पांढरं कापड करडं पडतं ते यामुळेच. बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवा, साबण नंतर. सोडा क्षारांना खाली बसवतो, मग साबण मळाच्या कामी येतो. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. लोकरी आणि रेशमी कपड्यांना तो लावू नका, आणि हात लगेच धुवा, कातडी सोलते.

ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी गरम पाण्याचं बटण विसरावं. चाळीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला दीड युनिटाहून जास्त वीज लागते. ड्रम फिरवायला त्यामानाने फारच थोडी. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या चादरी जरूर गरम पाण्यात टाका, तिथे काटकसर नको. आणि वाळवायला ऊन आहेच. पांढरे कपडे उन्हात, रंगीत उलटे करून सावलीत.

इस्त्रीचे पैसे तर सहज वाचतात. कपडे झटकून, ताणून वाळत घाला, किंचित ओलसर असतानाच घडी करून गादीखाली ठेवा. माझा शाळेचा शर्ट वर्षभर तसाच कडक राहिला. सणासुदीला आई त्याला भाताच्या पेजेची खळ करायची.

मागून एका ताईंची चिठ्ठी आली आहे: रिठा चालेल का? चालेल. टरफलं उकळून, पाणी नीट गाळून घ्या. पांढऱ्यावर त्याची पिवळट झाक येते, म्हणून ते सोडून द्या. रेशमाला मात्र रिठ्यासारखं दुसरं काही नाही. संपात आमच्या घरच्या बांगड्या गेल्या, तांब्याचा बंब गेला, आईचं लग्नातलं रेशमी नऊवारी तेवढं राहिलं. ते आता माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा, रिठ्याच्या पाण्यातच धुते.