मातीची भिंत, पाण्याचा हिशेब

उजवीकडे मातीचा ढीग, डावीकडे बांधून झालेली भिंत. दोन्ही एकाच खड्ड्यातून आले आहेत. घराखाली पावसाच्या पाण्याची टाकी खणायचीच होती. तिथला मुरूम चाळला, त्यात थोडं सिमेंट मिसळलं आणि साच्यात दाबून ब्लॉक पाडले. भट्टी नाही, त्यामुळे जळणही नाही.

ब्लॉक दाबायचं हे हातयंत्र १९५० च्या दशकात कोलंबियातल्या बोगोटा इथे राउल रामिरेझ यांनी तयार केलं. त्याचं नाव सिन्व्हा-राम. लांब दांडा, लोखंडी साचा आणि वर सरकणारा तळ, एवढाच त्याचा पसारा. बघणाऱ्याची नजर यंत्रावर खिळते खरी, पण ब्लॉक टिकणार की नाही हे दांडा ओढायच्या आधीच ठरलेलं असतं.

ठरवते ती माती. वरचा काळपट, मुळ्यांनी भरलेला थर आधी बाजूला काढायचा. त्यातला कुजणारा भाग सिमेंटला नीट धरू देत नाही, आणि बागेत तर तोच लागतो. खालची माती पारदर्शक बरणीत एक तृतीयांश भरायची, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवायची. मिनिटभरात खडी आणि वाळू तळाशी बसते. त्यावर अर्ध्या-एक तासात पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कण, बसतो. चिकणमाती मात्र दिवसभर पाणी गढूळ ठेवते. थरांची उंची पट्टीने मोजायची, फक्त चिकणमातीचा थर पाण्याने फुगलेला असतो, म्हणून तो थोडा कमीच धरायचा.

सिमेंट वापरायचं असेल तर साधारण १५ टक्के खडी, ५० टक्के वाळू, १५ टक्के पोयटा आणि २० टक्के चिकणमाती, हे प्रमाण उत्तम. चिकणमाती अजिबात नसेल तर साच्यातून काढतानाच ब्लॉकचे कोपरे ढासळतात, कारण ताज्या ब्लॉकला तीच धरून ठेवते. जास्त झाली तर ती सुकताना आकसते, भिजल्यावर फुगते, आणि सिमेंटने बांधलेले कण पुन्हा सुटतात. काळ्या, भेगाळणाऱ्या मातीत म्हणूनच सिमेंट हरतं. तिथे चुना बरा. तो चिकणमातीशीच रासायनिक क्रिया करतो, पण सावकाश, त्यामुळे ब्लॉक जास्त दिवस ओले ठेवावे लागतात.

दुसरी चाचणी आकसण्याची. ६० सेंटीमीटर लांब आणि ४ बाय ४ सेंटीमीटरची लाकडी पेटी आतून तेल लावून ओल्या मातीने दाबून भरायची आणि सावलीत आठवडाभर ठेवायची. सुकलेली माती एका टोकाला सरकवली की दुसऱ्या टोकाला किती फट पडली ते दिसतं. फट मोठी असेल तर वाळू घाला. इथे बरेच जण वाळूऐवजी सिमेंट वाढवतात. पाच टक्क्यांचं दहा टक्के सिमेंट झालं, की न भाजलेल्या ब्लॉकने वाचवलेल्या ऊर्जेतला काही भाग त्या सिमेंटमध्ये परत जातो. मग मातीचं घर बांधायचा खटाटोप कशाला?

आता हिशेब. ब्लॉक २९ बाय १४ बाय ९ सेंटीमीटरचा, सुकल्यावर सुमारे ७ किलोचा. सिमेंट ५ टक्के, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. ५० किलोच्या एका गोणीत साधारण १४० ब्लॉक होतात. एक सेंटीमीटरचे सांधे धरले, तर १४ सेंटीमीटर जाडीच्या भिंतीला चौरस मीटरमागे ३३ ब्लॉक लागतात. शंभर चौरस मीटर भिंतीला ३,३०० ब्लॉक, म्हणजे २४ गोण्या. ब्लॉक जोडायच्या मसाल्याचं सिमेंट वेगळं. आणि माती? जमिनीतली घट्ट माती १५ ते १६ घनमीटर, चाळणीवर राहणारे गोटे सोडून. १६,००० लिटरच्या टाकीचा खड्डा जवळपास तेवढाच असतो.

मिश्रण आधी कोरडंच, रंग सगळीकडे एकसारखा होईपर्यंत कालवायचं. पाणी झारीने शिंपडायचं. बादलीने ओतलं की गोळे होतात. पुरेसं झालं का, हे हात सांगतो. मूठभर मिश्रण आवळून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले, तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडं आहे, चपटा होऊन एकसंध राहिला तर पाणी जास्त झालंय. पाणी पडल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात घाणा, म्हणजे एका वेळी कालवलेलं मिश्रण, संपला पाहिजे. दुपारच्या जेवणाआधी मोठा घाणा कालवून ठेवला, की जेवणानंतरचे ब्लॉक कच्चे निघतात, कारण सिमेंट साच्याबाहेरच धरू लागलेलं असतं.

साच्यात दर वेळी तेवढीच माती पडली पाहिजे, म्हणून मापाचा डबा ठेवायचा. कोपरे बोटांनी आधी दाबायचे. माती कमी पडली तर ब्लॉक हलका आणि ठिसूळ होतो. जास्त झाली तर दांडा पूर्ण खाली येत नाही, आणि त्यावर लोंबकळलं तर यंत्राची पिन तुटते. ताजा ब्लॉक कडांना न धरता दोन्ही तळहातांमध्ये दाबून उचलायचा.

पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक ब्लॉक तिथेच वाया जातात. पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली, वारा न लागता. त्यानंतर सावलीत थप्पी रचून, २८ दिवसांपर्यंत ओल टिकवत पाणी मारायचं. उन्हात सुकलेला ब्लॉक दिसायला छान कडक असतो, पण नखाने खरवडला की कडेची पूड पडते. २८ दिवसांनी प्रत्येक खेपेतले काही ब्लॉक पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. विरघळणारे किंवा पापुद्रे सुटणारे निघाले, तर ती सगळी खेप बाजूला. भिजलेल्या ब्लॉकची ताकद सुक्याच्या साधारण निम्मी असते. भिंतीचं गणित नेहमी त्या निम्म्यावर करायचं.

रचताना ब्लॉक पाण्यात बुडवून घ्यायचा, नाहीतर तो मसाल्यातलं पाणी शोषून घेतो. मसालाही मातीचाच, फक्त त्यात सिमेंट ब्लॉकच्या दीडपट, कारण मसाल्याला यंत्राचा दाब मिळत नाही. फार कडक सिमेंट-वाळूचा मसाला वापरला, तर भिंत हलल्यावर भेग सांध्याऐवजी ब्लॉकमधून जाते. सांध्यातली भेग दर्जा भरून, म्हणजे नवा मसाला दाबून, दुरुस्त होते, ब्लॉकमधली होत नाही.

मातीच्या भिंतीला पावसाच्या थेट माऱ्यापेक्षा पागोळ्यांचे उडणारे शिंतोडे जास्त खातात. म्हणून जोतं दगडाचं किंवा भाजक्या विटेचं, जमिनीपासून निदान ४५ सेंटीमीटर, त्यावर ओल अडवणारा थर आणि वर रुंद छज्जा. बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. त्याला केसाएवढी चीर पडली तरी पाणी आत शिरतं, बाहेर येऊ शकत नाही, आणि एक दिवस गिलाव्याचा पोपडाच सुटतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो.

घर थंड राहील का? दिवसा तापून रात्री गार होणाऱ्या हवेत, हो. जड भिंत दुपारचा ताप आत यायला काही तास लावते, आणि रात्री खिडक्या उघडल्या की तो बाहेर टाकते. पण जिथे रात्रीही उकाडा आणि दमटपणा सुटत नाही, तिथे भिंतीच्या जाडीवर भरवसा ठेवू नये. तिथे सावली आणि समोरासमोरच्या खिडक्याच कामाच्या.

भूकंपाच्या भागात जोतं, लिंटेल (दार-खिडक्यांच्या वरची पातळी) आणि छत या तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा हवा. तो यू आकाराच्या ब्लॉकमध्ये ओतला, की वेगळ्या फळ्या लागत नाहीत. विजेच्या नळ्या भिंत चढतानाच पोकळ ब्लॉकमधून वर न्यायच्या. नंतर छिन्नीने खाचा मारल्या, तर १४ सेंटीमीटरच्या भिंतीत उरतं तरी किती? पाण्याचे पाइप भिंतीत घालूच नयेत. ते बाहेरून न्यायचे, म्हणजे गळती पहिल्याच दिवशी दिसते.