डिस्क भरली असली तरी बॅकअप घेता येतो

मंडळी, बॅकअपचा विषय निघाला की एक अडचण हमखास पुढे येते. 500 जीबीची डिस्क, त्यातले 460 भरलेले. बॅकअपची फाइल बनवायलाच जागा नाही, मग पाठवायचं काय? प्रश्न रास्त आहे. पण आधी सगळ्याची एक मोठी फाइल करायची, ती एन्क्रिप्ट (म्हणजे कीशिवाय वाचता येणार नाही अशी) करायची आणि मग पाठवायची, हे आपण उगाच धरून चाललोय. ती फाइल आपल्या डिस्कवर तयार व्हायची गरजच नाही.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप ही सोय 1973 पासून आहे. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डग मॅकिलरॉय यांनी त्याचा आग्रह धरला आणि केन थॉम्प्सन यांनी तो बसवला. एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या हाती. टार हा प्रोग्राम फोल्डर वाचून त्याचा सलग प्रवाह करत जातो, झेडस्टँडर्ड तो दाबतो (कॉम्प्रेस करतो), जीपीजी एन्क्रिप्ट करतो, एसएसएच सुरक्षित जोडणीने पलीकडच्या सर्व्हरवर पोचवतो आणि फाइल तिथे लिहिली जाते. लिनक्सवर पाइपचा बफर (मधली तात्पुरती जागा) सहसा 64 केबीचा असतो. सगळे 460 जीबी तेवढ्याशा वाटेने जातात, आपली डिस्क जशीच्या तशी.

क्रम मात्र उलटा करू नका. एन्क्रिप्ट झालेला डेटा दाबला जात नाही, त्यामुळे दाबणं आधीच उरकायचं. शिवाय या कमांड चालवणारा बॅश एरवी फक्त शेवटच्या कमांडचा निकाल बघतो. टार मध्येच कोलमडला तरी एसएसएच 'सगळं ठीक' म्हणून मोकळा होतो, आणि सर्व्हरवर अर्धीच फाइल पडून राहते. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (set -o pipefail) लावा, म्हणजे मधली कमांड फसली तरी कळतं. त्याशिवाय ही पद्धत वापरूच नका, असं मी ठासून सांगेन.

जीपीजीची मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे मशीनवर फक्त पब्लिक की (एन्क्रिप्ट करायची) ठेवली तरी भागतं. प्रायव्हेट की (उघडायची) दुसरीकडे. उद्या मशीन कुणाच्या हाती लागलं, तरी सर्व्हरवरचे जुने बॅकअप त्याला उघडता येणार नाहीत.

या पद्धतीत रोज सगळाच डेटा पाठवावा लागतो, आणि लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. रोजच्या कामाला म्हणूनच रेस्टिक किंवा बोर्ग हे खास बॅकअपचे प्रोग्राम बरे. रेस्टिक फाइलींचे साधारण एक एमबीचे तुकडे पाडतो. कुठे कापायचं हे मजकुरावरूनच ठरतं, त्यामुळे मोठ्या फाइलीच्या सुरुवातीला चार ओळी वाढल्या तरी पुढचे तुकडे बहुतेक तेच राहतात. तुकडा आधीच पोचलेला असेल तर तो परत जात नाही. एन्क्रिप्शन आपल्याच मशीनवर होतं, सर्व्हरला आतलं काही कळत नाही. लोकल जागा लागते ती मुख्यतः कॅशेला (पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवायच्या जागेला). डेटा वाढला की तीही फुगते. अगदीच जागा नसेल तर रेस्टिकमध्ये कॅशे बंद करता येते, काम तेवढं हळू होतं.

आता परत मिळवायचं कसं, याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. टारच्या बॅकअपमधून एकच फाइल हवी असली तरी आख्खा प्रवाह उतरवावा लागतो. तो साठवावा लागत नाही, पण वेळ जातो. रेस्टिकमध्ये माउंट केलं (डिस्कसारखं जोडलं) की बॅकअप फोल्डरसारखा दिसतो, हवी ती फाइल उचलायची. तपासणीही तुकड्यातुकड्याने होते: दर आठवड्याला दहावा हिस्सा वाचून पडताळा, दहा आठवड्यांत सगळा होतो.

पासवर्ड कागदावर लिहून मशीनपासून दूर ठेवा. तो हरवला तर रेस्टिकचा बॅकअप उघडायला दुसरी वाट नाही. आणि एकदा तो कागद घेऊन दुसऱ्याच कंप्युटरवर बसा आणि एक फोल्डर परत काढून बघा. तिथे पहिल्यांदा कळतं की सर्व्हरचा पत्ता आणि एसएसएचची कीसुद्धा बॅकअप घेतलेल्या लॅपटॉपवरच राहिली होती.