आधी दार, मग पाटी

श्रोतेहो, नमस्कार.

नागरी हक्काच्या एखाद्या प्रश्नावरून गावात दोन तट पडले, की आपल्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या कापडवाल्यापासून मकरपुऱ्यातल्या कारखानदारापर्यंत सगळ्यांसमोर एकच पेच उभा राहतो: आपण बोलायचं की गप्प बसायचं? गिऱ्हाईक दोन्ही तटांचं, कामगारही दोन्ही तटांचे.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. जात किंवा धर्म बघून कुणाला दुकानात, हॉटेलात येऊ न देणं हा मताचा विषयच नाही. घटनेचं कलम 15(2) दुकानं, हॉटेलं, उपाहारगृहं यांची नावं घेऊन त्याला मनाई करतं. अस्पृश्यता पाळणाऱ्याला 1955च्या कायद्याखाली तुरुंगवास आहे. तिथे बाजू घ्यायची नसते, कायदा पाळायचा असतो. आपला प्रश्न त्यापुढचा आहे: गावातल्या इतरांच्या दारांबद्दल धंदेवाल्यानं बोलावं का?

बोलावं. पण आधी दार, मग पाटी. याचा अर्थ कळायला अटलांटाला जावं लागेल.

अटलांटा हे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं शहर. साल 1964. 2 जुलैला अमेरिकेच्या नागरी हक्क कायद्यावर सही झाली आणि हॉटेलात, खानावळीत कातडीच्या रंगावरून कुणाला अडवणं बेकायदा ठरलं. शहरात 216 खोल्यांचं एक मोटेल होतं, हार्ट ऑफ अटलांटा. मालक स्वतः वकील. कायद्यावर सही होताच तो कोर्टात गेला. माझ्या मोटेलात कुणाला खोली द्यायची ते मी ठरवणार, असं त्याचं म्हणणं. हीसुद्धा धंद्यानं उघडपणे घेतलेली भूमिकाच होती, हे लक्षात घ्या. 14 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ती एकमतानं फेटाळली. मोटेलात उतरणाऱ्यांपैकी सुमारे 75 टक्के लोक परराज्यांतले, म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, आणि त्यावर संसद कायदा करू शकते, असा तो निकाल.

बरोबर चार दिवस आधी, 10 डिसेंबरला, याच अटलांटात जन्मलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी ऑस्लोत शांततेचं नोबेल स्वीकारलं होतं. वय 35. शहरानं त्यांचा सत्कार करायला हवा, काळ्यागोऱ्यांनी एका पंगतीत जेवायला हवं, असं महापौर आयव्हन ॲलन आणि काही धर्मगुरू, शिक्षक, संपादक यांनी मनावर घेतलं. पण मोठे व्यापारी आणि बँकवाले अंग चोरू लागले. त्याला आणखी एक कारण होतं. शहरातल्या स्क्रिप्टो या पेनच्या कारखान्यातले काळे कामगार संपावर होते आणि किंग त्यांच्या बाजूनं उभे होते. एका पंगतीत जेवण कदाचित चाललं असतं, पण पगारवाढ मागणाऱ्यांचा सत्कार कसा करायचा? निमंत्रणं गेली, तिकिटं खपेनात.

तेव्हा कोका-कोला कंपनी पुढे आली. तिचं मुख्यालय अटलांटात. कंपनीचे अध्यक्ष जे. पॉल ऑस्टिन यांनी पूर्वी दक्षिण आफ्रिकेत कंपनीचं काम केलेलं, वर्णभेद धंद्याचं काय करतो ते जवळून पाहिलेलं. शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांना एकत्र बोलावून ते आणि महापौर त्यांच्याशी बोलले. किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग यांनी ऑस्टिन यांच्या बोलण्याचा पुढे सांगितलेला आशय असा: आमचा धंदा जगभर आहे, नोबेल मिळालेल्या माणसाचा सत्कार न करणाऱ्या शहरात राहणं आम्हाला लाजिरवाणं आहे. कोका-कोलाला अटलांटाची गरज नाही. अटलांटाला कोका-कोला हवी की नको, ते तुम्ही ठरवा. बैठक संपली आणि दोन तासांत सगळी तिकिटं खपली, असं यंग सांगतात. 27 जानेवारी 1965च्या रात्री डिंकलर प्लाझा हॉटेलात सुमारे 1,500 माणसं एकत्र जेवली.

यात पाटी कुठे आहे? कुठेच नाही. जाहिरात नाही, घोषवाक्य नाही. कंपनीनं आपल्या हातातली एक गोष्ट मांडली: आम्ही इथून जाऊ शकतो. तिचा स्वार्थ होता आणि तो तिनं लपवला नाही. म्हणून बोलण्याला वजन आलं.

पाटीवरून आठवलं. रंगारी पाटी लिहायचा तेव्हा अक्षरांचे पैसे मोजावे लागत, म्हणून माणूस दहा वेळा विचार करून मजकूर द्यायचा. फ्लेक्सनं ती शिस्त घालवली. मराठी, गुजराती, दोन्हीतलं शुद्धलेखनही त्याबरोबरच गेलं. असो.

आता आपल्या गावाकडे. 1917 साली परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायेच्या रखवालदारानं जेवणासकट दिवसाला दीड रुपयावर, पारशी नाव लिहून, त्यांना ठेवून घेतलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. बाबासाहेबांना ती जागा सोडावी लागली. सयाजीबागेत बसून राहून रात्रीच्या गाडीनं ते मुंबईला गेले. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी आहे. रखवालदारानं दार उघडलं होतं खरं, पण ते खोट्या नावावर, आणि त्याच्या पाठीशी कुणी नव्हतं.

म्हणून पुन्हा ऐका: आधी दार, मग पाटी. दार म्हणजे पिण्याच्या पाण्याचा माठ एक की दोन, कामगारांचे कप वेगळे ठेवता का, नोकरी देताना आडनाव विचारून गप्प होता का, ईदची, आंबेडकर जयंतीची सुट्टी कुणाला मागून घ्यावी लागते का. हे तपासायला एक आठवडा पुरतो. मग अर्ध्या कागदावर लिहा: आम्ही काय करणार, कोण करणार, कधीपासून. वाक्यात ‘करणार’ हा शब्दच येत नसेल तर पाटी लावू नका.

सगळ्यात जास्त बिघडतं ते गल्ल्यावर आणि दारावर. ऑक्टोबर 2020 मध्ये तनिष्कनं दोन धर्मांच्या कुटुंबातल्या डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली, तेव्हा दिलेल्या कारणांत दुकानातल्या कर्मचाऱ्यांची काळजी होती. मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी डिलिव्हरीसाठी हिरवा गणवेश काढला आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतला, कारण लाल गणवेशातल्या मुलांना सोसायट्या फाटकावर अडवतील, ही भीती. दोन्हीकडे दारावरच्या माणसाचा विचार नंतर झाला.

तो आधी करा. जाहीर करण्याच्या दोन दिवस आधी विक्रेते, ड्रायव्हर, रखवालदार यांना बसवून सांगा. ज्याला पटत नाही त्याला पुढे उभं करू नका आणि त्याचा पगारही कापू नका. उत्तर द्यायला एकच माणूस नेमा. माहिती चुकली तर त्याच दिवशी दुरुस्त करायचं, शिव्या आल्या तर मागे घ्यायचं नाही, हे आधीच ठरवा, आणि सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या. त्या कागदाची एक प्रत रखवालदाराकडे राहू द्या. तिच्यावर मालकाचा मोबाईल नंबर असावा आणि तो रात्री दोन वाजताही उचलला जावा.

नमस्कार.